आवाज कुणाचा? कॅमेऱ्याचा नकोच!

मैफल रंगलीय, आलाप अलगद वर चढतोय, टाचणी पडली तरी ऐकू येईल... आणि 'खटॅक्!' पुढच्या दोन रांगांच्या माना गर्रकन वळल्या. फोटोग्राफरसाहेब, तुमचा फिल्म एसएलआर बोलला!

माहीत आहे का, तो बोलतो कशानं? आरशानं! प्रत्येक क्लिकला आतला आरसा उसळून वर आदळतो आणि पुन्हा खाली येतो. शांत कॅमेरा हवाय? मग आधी या उड्या थांबवा.

कॅननने १९६५ मध्ये तेच केलं. त्यांच्या 'पेलिक्स' एसएलआरमधला आरसा जागचा हलायचाच नाही! तो अर्धपारदर्शक होता. थोडा प्रकाश डोळ्याकडे, उरलेला आरपार फिल्मकडे. आयडिया भारी, पण व्ह्यूफाइंडर मात्र अंधारलेला.

लायकानं आरसाच ठेवला नाही. १९५४ चा एम-थ्री घ्या: रबराचा थर दिलेला कापडी शटर आणि मऊशी 'च्छिक'. फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ तर आपल्या लायकाच्या चकचकीत भागांवर काळी टेप लावायचे. आवाज नको, चमकही नको!

आता खरा डॉन. एरिक सालोमन, जर्मनी. शिक्षणानं कायद्याचे डॉक्टर, आणि कोर्टातच फोटोबंदी मोडणारे! १९२८ मध्ये त्यांनी गोल हॅटला भोक पाडून त्यात एर्मानॉक्स कॅमेरा लपवला आणि चालू खटल्याचे फोटो काढले. तेही काचेच्या प्लेटवर, फ्लॅशशिवाय! १९३२ मध्ये थेट अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट. या वेळी हात मोडल्याचं सोंग, गळ्यात झोळी आणि झोळीत कॅमेरा. या अफाट माणसाचा अंत १९४४ मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत झाला.

चंद्रावर कुठला कॅमेरा शांत? सगळेच! हवाच नाही, तर आवाज जाणार कुठून?

पृथ्वीवर मात्र लीफ शटर शोधा. लेन्सच्या आतच पातळ पाती, ती उघडतात नि मिटतात. रोलायफ्लेक्स याच जातीचा. तो पोटाशी धरून वरून बघायचं, त्यामुळे समोरच्याला वाटतं, हा आपल्याकडे बघतच नाहीये. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्याकडेही रोलायफ्लेक्स होता.

ऑटोफोकस हवा? १९९३ चा कोनिका हेक्सार एएफ! त्यात चक्क 'सायलेंट मोड' आहे. मोटर मुद्दाम हळू फिरते. तो पुढच्या काही आवृत्त्यांतून गायब झाला, म्हणून घेण्याआधी तपासाच.

खिसा हलका? सत्तरच्या दशकातला कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री. एफ १.७ ची लेन्स आणि नखानं टिचकी मारल्याएवढी क्लिक. माझं मत यालाच! फक्त एक करा: रीळ पुढे सरकवायचा लिव्हर अंगठ्यानं सावकाश ओढा, नाहीतर 'कर्रर्र' तिथे होईल. टाळ्या पडल्या की ओढलात तर उत्तमच.

आणि ती छोटी ऑटो कॉम्पॅक्ट? धोका! छत्तिसावा फोटो संपला की ती बहुतेक वेळा आपणहून रीळ गुंडाळायला घेते, घर्रर्र करत, ऐन आलापात.

फ्लॅश तर बॅगेतच राहू द्या. आयएसओ ४०० ची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, म्हणजे एचपी५ किंवा ट्राय-एक्स, १६०० वर वापरा. रिळावर मार्करनं ठळक लिहा: 'पुश १६००'. नाहीतर लॅबवाला ती ४०० समजूनच धुणार, आणि निगेटिव्ह निघणार फिक्या!