गाठ सुटते, भाजलेली माती नाही

चाळिशी उलटली की आपण सहज बोलून जातो, ‘आता या वयात नवे काय शिकायचे?’ रोज वर्गात शिकवणारा मीही याला अपवाद नाही. अशा वेळी मला मृणालिनी मुखर्जी आठवतात.

त्यांचा जन्म १९४९चा, मुंबईतला. वडील बिनोद बिहारी मुखर्जी शांतिनिकेतनचे नामवंत चित्रकार, आई लीला शिल्पकार. बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकताना मृणालिनींनी दोर हाती घेतला. हेम्पचा, म्हणजे आपल्या ताग-अंबाडीसारखा राठ दोर. तो रंगवायचा आणि गाठीवर गाठ मारत जायचे. माग नाही, आधी काढलेला आराखडा नाही. एकेका शिल्पाला कित्येक महिने लागत. १९८४ची ‘यक्षी’ अशाच गाठींतून उभी राहिली, माणसाहून उंच.

हे हुन्नर वीसहून अधिक वर्षे जोपासल्यावर, १९९६ साली त्या नेदरलँड्समधील युरोपियन सिरॅमिक वर्क सेंटरमध्ये गेल्या आणि मातीकाम करू लागल्या. तोवर नाव झाले होते. दोरातच राहिल्या असत्या, तर कोणी बोल लावला नसता.

मातीचा स्वभाव मात्र वेगळा. गाठ चुकली तर सोडून पुन्हा मारता येते. मातीही ओली आहे तोवर ऐकते. पण घाईने वाळवली तर तडकते, आत ओल राहिली तर भट्टीत फुटते. साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेली माती पुन्हा पाण्यात कालवून मळता येत नाही. चूक झाली असेल, तर ती तशीच राहते.

तरी जुने हुन्नर वाया गेले नाही. दोराच्या शिल्पांतल्या घड्या, दुमड आणि उमलत्या पाकळ्या आता मातीच्या पापुद्र्यांत दिसू लागल्या. ‘नाइट ब्लूम’ ही मालिका त्यातूनच आली. पुढे त्या ब्राँझकडे वळल्या. २०१५मध्ये दिल्लीत त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन भरले आणि ते सुरू झाल्यावर काही दिवसांतच त्यांचे निधन झाले.

मला वाटते, शिकण्याच्या आड वय येत नाही. आड येते ती पुन्हा नवशिके दिसण्याची लाज. दोरात उस्ताद ठरलेली बाई भट्टीपुढे विद्यार्थिनी होऊन उभी राहिली, तर आपल्याला कसला संकोच?