एएनएम ताई, पुढचं शिक्षण कुठलं निवडाल?

हिमायतनगर, भोकर, किनवट या पट्ट्यात कुठल्याही गावी जा, लसीची पेटी खांद्याला अडकवून फिरणारी एक बाई तुम्हाला दिसेल. तिला गाव 'नर्सबाई' म्हणतं. गरोदर बाईचं वजन करायचं, बाळाला डोस द्यायचा, अडलेलीला वेळेवर गाडीत घालून पुढे पाठवायचं, सगळं तिच्याच गळ्यात. सरकारी कागदावर ती आरोग्य सेविका, शिक्षणानं एएनएम. पण हीच नर्सबाई नांदेडच्या मोठ्या रुग्णालयात वॉर्डातल्या सिस्टरच्या, म्हणजे अधिपरिचारिकेच्या, जागेसाठी अर्ज करायला गेली की टेबलामागचा माणूस विचारतो, "जीएनएम झालंय का?" आणि गाडी तिथंच अडते.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या स्वतः एएनएम आहेत किंवा ज्यांची लेक, सून, नणंद एएनएम आहे, त्यांच्यासाठी आजचा हा लेख. पुढं शिकावं हे मनात असतंच. कुठला कोर्स धरावा, इथं मात्र घोळ होतो.

आधी फरक समजून घ्या. एएनएमचीही परिषदेत नोंद असते, पण ती वेगळ्या नोंदवहीत. 'नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसाविका' ही नोंद मिळते ती जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावरच. हा फरक नुसत्या नावाचा नाही. सातव्या वेतन आयोगात आरोग्य सेविकेची वेतनश्रेणी २५,५०० रुपयांपासून सुरू होते, अधिपरिचारिकेची ३५,४०० पासून. शिवाय आता उपकेंद्रावरच बदल झाला आहे. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली आणि तिथं समुदाय आरोग्य अधिकारी आले. ते बहुतेक करून आयुर्वेदाचे पदवीधर असतात नाही तर बी.एस्सी. नर्सिंग झालेले. पंधरा-वीस वर्षं गाव सांभाळलेल्या नर्सबाईच्या वर कालची पोरगी अधिकारी म्हणून येते. मनाला लागतं. पण लागून घेण्यापेक्षा तिच्यासारखी पदवी आपल्याला कशी मिळेल हे पाहिलेलं बरं.

आता एक कडू गोष्ट. अमेरिकेत आपल्या एएनएमच्या जवळपास जाणारी 'एलपीएन' नावाची परिचारिका असते. तिच्यासाठी तिकडं जोड-अभ्यासक्रम आहेत. आधी शिकलेलं जमेस धरतात आणि कमी वेळात तिला पुढच्या पायरीवर नेतात. आपल्याकडं तसं नाही. तुम्ही एएनएमची दोन वर्षं केली, वर दहा वर्षं सुया टोचल्या, बाळंतपणं केली, तरी जीएनएमला पहिल्या वर्षापासूनच बसायचं. थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश देतो असं कुणी सांगितलं, तर त्याच्या दुकानातून चपला घालून बाहेर पडा.

मग वाटा कोणत्या? बहुतेकींसाठी जीएनएम. पूर्वी हा कोर्स साडेतीन वर्षांचा होता, २०१५ च्या सुमारास तो तीन वर्षांचा झाला आणि शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष रुग्णसेवेचे ठेवले. एरवी या कोर्सला पस्तिशीची अट आहे, पण भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत एएनएमला वयाची अट नाही. ही गोष्ट फार जणींना ठाऊकच नसते! चाळिशीला आलेली बाई "माझं वय गेलं" म्हणून गप्प बसते. वय गेलेलं नाही, बाई. बारावी कुठल्याही शाखेची चालते, फक्त इंग्रजी विषय हवा आणि निदान ४० टक्के गुण. ज्यांनी जुन्या काळी दहावीवर एएनएम केलं, त्यांना परिषदेच्या नियमात नोंदणीकृत एएनएम म्हणून दार उघडं आहे. तरी त्या वर्षीच्या जाहिरातीत राज्यानं काय अट घातली आहे ती अक्षरन् अक्षर वाचा. बारावीच मागितली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी करता येते. एक वर्ष जाईल, पण ती बारावी पुढं पदवीलाही उपयोगी पडेल.

दुसरी वाट चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगची. तिला बारावी विज्ञानच लागतं, जीवशास्त्र धरून, आणि राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. वय कमी असेल, संसार अजून मागं लागला नसेल आणि बारावीला विज्ञान असेल, तर माझं मत सरळ याच बाजूनं आहे. हिशेब करा ना. जीएनएमची तीन आणि त्यावर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन, अशी पाच वर्षं होतात. इथं चार वर्षांत पदवी हातात. पण बारावी कला शाखेची असेल, घरात दोन लेकरं असतील, तर याच पाच वर्षांचे दोन तुकडे करणं शहाणपणाचं. तीन वर्षं शिकायचं, नोकरी धरायची, हाताशी चार पैसे आले की पोस्ट बेसिक करायचं. त्याचा अभ्यासक्रम आपल्याकडं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली चालतो. मुंबईला एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून आहे, तिथंही तो शिकवतात.

तिसरी एक आडवाट आहे, आरोग्य सहायिकेची. जिल्हा परिषदेत नोकरीत असलेल्या एएनएमला काही वर्षांच्या सेवेनंतर बढतीनं ती मिळू शकते. घर सुटत नाही, पगार थांबत नाही. पण त्यानं तुम्ही नोंदणीकृत परिचारिका होत नाही. पन्नाशीच्या आसपास असाल तर हीच बरी, तिशीत असाल तर नाही.

आता कॉलेज निवडायचं कसं? जाहिरातीतल्या इमारतीचा फोटो बघू नका. दवाखाना बघा. जीएनएमच्या शाळेला निदान १०० खाटांचं रुग्णालय पाहिजे आणि एका विद्यार्थिनीमागं तीन रुग्ण, असा परिषदेचा दंडक आहे. तुम्ही स्वतः एएनएम आहात, तुम्हाला वॉर्ड कळतो. सकाळी दहाला जाऊन उभं राहा. खाटांवर माणसं आहेत का? प्रसूतिगृहात रात्री बाळंतपणं होतात का? की नुसत्या कडक इस्त्रीच्या चादरी? रिकाम्या खाटांवर नर्स घडत नाही. या बाबतीत सरकारी रुग्णालयाला तोड नाही. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, आणि सगळ्या मराठवाड्याची 'घाटी' छत्रपती संभाजीनगरला. अशा ठिकाणी गर्दी, धावपळ, बोलणी खाणं सगळं आलं, पण तीन वर्षांत हात बसतो. सरकारी शाळेत जागा मिळाली तर घराजवळच्या खासगी कॉलेजसाठी ती सोडू नका. हिमायतनगरहून मुदखेडमार्गे नांदेडला रेल्वे आहे खरी, पण रोज जाऊन-येऊन हे शिक्षण होत नाही. रात्रपाळी असते. वसतिगृहाची तयारी ठेवूनच अर्ज भरा.

आपला तालुका तेलंगणाला लागून, बिदरही लांब नाही. त्यामुळं आपल्याकडं एजंटांचा सुळसुळाट. "पलीकडच्या राज्यात नाव घालतो, हजेरीची कटकट नाही, परीक्षेला आलं की झालं." घरी बसून, टपालानं किंवा फक्त परीक्षेपुरतं जाऊन होणारं जीएनएम परिषद मानत नाही. पलीकडच्या राज्यातही चांगल्या संस्था आहेत, नाही असं नाही. पण तिथून शिकून आल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होईल का, हे पैसे भरण्याआधी मुंबईच्या कौन्सिलला लेखी विचारा. पैसे भरल्यावर विचारलेल्या प्रश्नाचा काही उपयोग नसतो. आणि मूळ प्रमाणपत्रं, ती कुणाच्याही हवाली करू नका, कॉलेजच्या पावतीशिवाय.

पैशाचं म्हणाल तर घरात बसून घाबरू नका. मागासवर्गीय विद्यार्थिनींच्या शिष्यवृत्त्या 'महाडीबीटी'वर असतात. जुलै २०२४ मध्ये राज्यानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात फी माफ करण्याचा निर्णय काढला. तुमचा कोर्स आणि तुमचं कॉलेज त्यात बसतं का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. तहसीलच्या चकरा ऐन प्रवेशाच्या दिवसांत सुरू झाल्या की नंबर हुकतो.

इंग्रजीची भीती मात्र खरी आहे. एएनएम मराठीतून निभावतं, जीएनएमची पुस्तकं इंग्रजी. पहिले सहा महिने डोकं भणभणतं. प्रवेशाआधीच्या उन्हाळ्यात शरीरशास्त्राचे शब्द रोज दहा-दहा पाठ करा. तुम्हाला हाडं, नसा, औषधं माहीत आहेतच, फक्त त्यांची इंग्रजी नावं ओळखीची करायची आहेत. शाळेतून थेट आलेल्या मुलींना आधी दोन्ही शिकावं लागतं.

नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्र आणि रजेचा निर्णय लेखी घ्या. अध्ययन रजा हा हक्क नसतो, ती मंजूर व्हावी लागते. "जा तुम्ही, बघू नंतर" हे साहेबांचं तोंडी बोलणं साहेबांच्या बदलीबरोबर जातं. कंत्राटी असाल तर जागा बहुधा सोडावीच लागेल, तेव्हा घरखर्चाची बेगमी आधी.

आणि घरच्यांचं? सासूबाई म्हणतील, "लेकरांचं कोण बघणार?" त्यांना वेतनश्रेणीचे ते दोन आकडे दाखवा. शाळेत जाणारं लेकरू तीन वर्षं आजीकडं राहू शकतं, अंगावरचं दूध पिणारं नाही. तेव्हा धाकटं निदान अंगणवाडीला जाईपर्यंत थांबलात तरी चालेल. वयाची अट तुम्हाला नाहीच. २०२३ मध्ये संसदेनं परिचर्या शिक्षणाचा नवा कायदा मंजूर केला आहे, तेव्हा प्रवेशाचे नियम पुढं बदलू शकतात. दर वर्षी नवी माहितीपुस्तिका काढून वाचा, गेल्या वर्षी शेजारणीनं काय केलं त्यावर जाऊ नका.