न बोलणारा माणूस



आज सुरुवातीला एक कोडे घालतो. एक वयस्कर गृहस्थ आहेत. डोक्याला टक्कल आहे, फक्त मागच्या बाजूला पांढऱ्या केसांचे झुपके उरले आहेत. नाक मोठे, नाकावर चष्मा आणि नाकाखाली ब्रशासारखी मिशी. अंगात चौकड्यांचा कोट आणि खाली धोतर. कधी हातात छत्री असते. हे गृहस्थ मंत्र्यांच्या बैठकीत दिसतात, खड्ड्यांच्या रस्त्यावर दिसतात, पुराच्या पाण्यात दिसतात आणि रांगेतही उभे असलेले दिसतात. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोकांनी त्यांना सकाळच्या वर्तमानपत्रात पाहिले. पण त्यांच्या तोंडून कधी शब्द ऐकला नाही. त्यांचे नावही कुणाला माहीत नाही. सांगा पाहू, हे कोण?

तुम्हांला ओळखता आले नाही, तर घरातील मोठ्या माणसांना विचारा. ते लगेच सांगतील, की हा आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन'. मराठीत त्याला 'सामान्य माणूस' म्हणतात आणि तुमच्या उर्दूत 'आम आदमी'.

लक्ष्मण हे व्यंगचित्रकार होते. 'व्यंग' म्हणजे उणीव, दोष. एखाद्याचा दोष हसत हसत दाखवणारे चित्र म्हणजे व्यंगचित्र. लक्ष्मण यांचा जन्म १९२१ मध्ये म्हैसूरला झाला. प्रसिद्ध लेखक आर. के. नारायण हे त्यांचे थोरले भाऊ. लहानपणी लक्ष्मण वर्तमानपत्रातील एका चित्रकाराची चित्रे मन लावून पाहत. चित्राखालची सही त्यांना 'काऊ' म्हणजे गाय अशी वाटे. गाय नावाचा हा चित्रकार कोण असेल, असा प्रश्न त्यांना पडे. खरे नाव होते डेव्हिड लो. पुढे मोठे झाल्यावर लक्ष्मण यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेशासाठी अर्ज केला, तेव्हा त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. चित्रकलेची एखादी परीक्षा बिघडली म्हणून रडत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

१९५१ मध्ये लक्ष्मण यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया' या इंग्रजी दैनिकात रोज एक छोटे चित्र काढायला सुरुवात केली. या चित्रमालेचे नाव होते 'यू सेड इट', म्हणजे 'हे तुम्हीच म्हणालात'. या मालेत आपले हे न बोलणारे गृहस्थ रोज येऊ लागले.

आता माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. पुण्याचा जुना बाजार तुम्हांला माहीत असेलच. बुधवारी आणि रविवारी तिथे जुन्या वस्तूंबरोबर जुनी पुस्तकेही मिळतात. एका रविवारी मला तिथे लक्ष्मण यांच्या चित्रांचा एक संग्रह मिळाला. त्याला मुखपृष्ठ नव्हते, पाने सुटी झाली होती. दुसऱ्या दिवशी मी तो वर्गात नेला. पाने मुलांत वाटली आणि म्हटले, "या माणसाचे नाव कुठेही लिहिलेले नाही. तो कोण असेल, ते चिठ्ठीवर लिहून द्या. पण नुसते उत्तर नको, कारणही लिहा."

मराठीत यासाठी एक चांगला शब्द आहे : कयास. 'कयास बांधणे' म्हणजे अंदाज करणे. हा शब्द तुम्हांला परका नाही, कारण तो तुमच्या उर्दूतलाच 'क़यास' आहे. 'अंदाज' हा शब्दही दोन्ही भाषांत आहे. मात्र 'पुरावा' हा मराठी शब्द नीट लक्षात ठेवा. कयास कुणीही बांधू शकतो, पण पुरावा शोधावा लागतो. मुलांनी कयास भराभर बांधले. पुराव्याच्या वेळी मात्र बरीच मंडळी छताकडे पाहू लागली.

सर्वांत जास्त चिठ्ठ्या एकाच मताच्या होत्या : हा माणूस म्हणजे स्वतः लक्ष्मण. चित्रकाराने स्वतःलाच चित्रात घातले असणार. हा कयास वाईट नाही. पुष्कळ मोठ्या वाचकांनाही तसेच वाटत असे. पण थोडे गणित करू. चित्रमाला सुरू झाली १९५१ मध्ये. तेव्हा लक्ष्मण तीस वर्षांचे होते. चित्रातला माणूस मात्र त्या वेळीही म्हातारा होता. पुढे लक्ष्मण यांचे वय वाढत गेले, पण चित्रातल्या माणसाचे वय जिथल्या तिथे राहिले. समजा, तो १९५१ मध्ये साठ वर्षांचा होता; तर २००१ मध्ये तो एकशे दहा वर्षांचा व्हायला हवा. तो तर तसाच टुकटुकीत! शिवाय लक्ष्मण चांगले बोलके आणि तिखट बोलणारे होते. तेव्हा हा कयास टिकत नाही.

दुसरा कयास एका मुलाने मोठ्या धीटपणे मांडला. त्याने लिहिले, "हे भूत आहे." वर्ग हसला, पण मला त्याचे कारण आवडले. त्याने लिहिले होते, "मोठे लोक याच्यासमोर आपल्या लबाडीच्या गोष्टी बोलतात. हा जवळ उभा असतो, तरी कुणी दचकत नाही. म्हणजे तो कुणाला दिसतच नसणार." पाहा, या मुलाने चित्र किती बारकाईने पाहिले! खरोखरच अनेक चित्रांत त्या माणसाकडे कुणाचे लक्ष नसते. पण एक चित्र या कयासाच्या विरुद्ध जाते. माणसाला चंद्रावर पाठवण्याच्या काळातले ते चित्र आहे. चंद्रावर जायला योग्य माणूस सापडला, असे म्हणून शास्त्रज्ञ याच माणसाला पुढे करतात. कारण त्याला पाणी, अन्न, उजेड, हवा, निवारा यांवाचून जगण्याची सवय आहे! म्हणजे तो दिसतो. फक्त कामाच्या वेळी दिसतो आणि एरवी दिसत नाही. त्या मुलाला मी अर्धे गुण दिले. खरे तर जास्त द्यायला हवे होते.

तिसरा कयास : याचे नाव वागळे. १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' नावाची मालिका लागली होती. ती लक्ष्मण यांच्या पात्रांवर आधारलेली होती आणि अंजन श्रीवास्तव यांनी त्यात वागळेचे काम केले होते. मालिका पाहिलेल्या एका पालकांनी आपल्या मुलीला हे उत्तर सांगितले असावे. पण वागळे बोलतो, नोकरी करतो, त्याला नाव आणि आडनाव आहे. आपल्या माणसाला यातले काही नाही. फार तर दोघांना एकमेकांचे नातेवाईक म्हणता येईल.

चौथी चिठ्ठी : हा मुका आहे. ती लिहिणाऱ्याला मी चित्रमालेचे नाव पुन्हा वाचायला सांगितले. 'हे तुम्हीच म्हणालात.' म्हणजे चित्रात बोलायचे काम दुसऱ्यांचे आहे. मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, शेजारी बोलतात. डेव्हिड लो यांचे एक प्रसिद्ध पात्र होते, कर्नल ब्लिंप. तो एकसारखा बोलत असे आणि बोलता बोलता स्वतःचाच मूर्खपणा उघडा करत असे. लक्ष्मण यांनी याच्या उलट केले. त्यांचा माणूस फक्त पाहतो. समोरचा बोलत राहतो आणि आपल्याच बोलण्याने पकडला जातो. तुम्ही घरी करून पाहा. खोटे बोलणाऱ्या मित्राकडे काही न बोलता नुसते पाहत राहा. तो आपण होऊन गडबडतो.

एका मुलीने मात्र सर्वांना गप्प केले. ती म्हणाली, "सर, तो बोलत नाही, पण त्याची बायको बोलते." हे अगदी खरे आहे. काही चित्रांत त्याची पत्नी आहे आणि ती बिलकूल गप्प बसत नाही.

तुमच्यापैकी काहींनी घरी इब्ने सफी यांच्या कादंबऱ्या पाहिल्या असतील. त्यांच्या इम्रान मालिकेत 'एक्सटू' नावाचा गुप्त खात्याचा प्रमुख आहे. त्याच्या हाताखालच्या लोकांना तो कोण हे कळत नाही. पण वाचकाला ठाऊक असते, की एक्सटू म्हणजे खुद्द इम्रान. तिथे गंमत गुपित जाणण्यात आहे. इथे वाचकालाही काही सांगितलेले नाही. मग वाचक कयास बांधणारच. कुणाला त्यात आपले वडील दिसतात, कुणाला शेजारचे पेन्शनर काका दिसतात.

मग खरे उत्तर काय? ते लक्ष्मण यांनीच सांगितले आहे. आणि ते ऐकून तुमची थोडी निराशा होईल. सुरुवातीला त्यांच्या चित्रांत एक माणूस नव्हता, गर्दी होती. आपल्या देशात नाना प्रांतांचे लोक राहतात. सगळ्यांचे मिळून चित्र काढायचे, तर कुणी बंगाली हवा, कुणी तमिळ, कुणी पंजाबी. लक्ष्मण असे वेगवेगळ्या पोशाखांचे लोक काढत असत. पण वर्तमानपत्राचे काम घड्याळावर चालते. ठरलेल्या वेळी चित्र छापखान्यात गेलेच पाहिजे, आणि हे रोज. एवढी माणसे काढायला वेळ कुठला? म्हणून एकेक माणूस गळत गेला. शेवटी एकच उरला, तो हा चौकड्यांच्या कोटातला. तो लक्ष्मण यांनी मुद्दाम शोधून काढला नव्हता. घाईमुळे बाकीचे गेले आणि तो टिकला.

हे मी वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून एक हात वर आला. त्या मुलाने चिठ्ठी दिली नव्हती. त्याने विचारले, "सर, गर्दीतून धोतरवालाच का उरला? माझे नाना लुंगी नेसतात आणि भवानी पेठेत हातगाडी लावतात. ते सामान्य माणूस नाहीत का?"

मी लगेच उत्तर दिले नाही, कारण प्रश्न बरोबर होता. 'सर्वांचा' म्हणून एकच माणूस काढायचा, तर त्याला कुणाचे तरी कपडे घालावेच लागतात. आणि एकाचे घातले, की दुसऱ्यांचे राहून जातात. १९५१ च्या सुमाराला धोतर आणि कोट हा कचेरीत जाणाऱ्या माणसांचा पोशाख अनेक प्रांतांत होता, पुण्यातही होता. म्हणून तो पुष्कळांना जवळचा वाटला असेल. पण हातगाडी ढकलणारा माणूस कोट घालत नाही, हेही तितकेच खरे. मी त्या मुलाला एवढेच सांगितले, "कपडे झाकून चित्र पहा." मग आम्ही पानांवर कागदाची पट्टी ठेवून फक्त चेहरा आणि आजूबाजूचा प्रसंग पाहिला. महागाई, पाणी नसलेला नळ, निवडणुकीतली आश्वासने, उखडलेला रस्ता. तो मुलगा बराच वेळ पाहत होता. "हे नानांचे आहे," असे तो एका पानावर म्हणाला. दुसऱ्या पानावर इन्कम टॅक्सची गंमत होती. तिथे तो म्हणाला, "हे नाही." मला त्याचा हा हिशेब पटला.

१९८८ मध्ये या नाव नसलेल्या माणसाचे चित्र भारत सरकारच्या टपाल तिकिटावर आले. वर्तमानपत्राच्या दीडशे वर्षांनिमित्त ते तिकीट निघाले होते. पुण्याशी तर त्याचे नाते जास्तच जवळचे आहे. २००१ मध्ये सिंबायोसिस संस्थेत त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. लक्ष्मण यांची अखेरची वर्षे पुण्यात गेली. २००३ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू दुबळी झाली, तरी उजव्या हाताने ते चित्रे काढत राहिले. २६ जानेवारी २०१५ रोजी, प्रजासत्ताक दिनी, पुण्यातच त्यांचे निधन झाले. अंत्यदर्शनासाठी त्यांचे पार्थिव सिंबायोसिसमध्ये त्याच पुतळ्याजवळ ठेवले होते. पुढे २०२२ मध्ये बालेवाडीला त्यांच्या नावाचे कलादालन आणि संग्रहालय सुरू झाले.

सुटीत जमले तर पुतळा पाहून या, असे मी वर्गाला सांगितले होते. चार-पाच जण गेले. त्यांत तो मागच्या बाकावरचा मुलगाही होता. पुतळा आठेक फूट उंच आहे. कसा वाटला, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, चेहरा बरोबर आहे. पण सामान्य माणूस एवढा उंच नसतो."