'भाजके काजू' की 'माजके काजू'? : गोलमटोल अक्षरांबद्दल थोडंसं

दोडामार्गात बोलायचं म्हणजे सुरुवात काजूपासूनच करू. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका दुकानासाठी मी बोर्ड करून दिला, 'भाजके काजू'. अक्षरं गोलमटोल, बघताक्षणी हसू यावं अशी. बोर्ड लागला आणि गोव्याकडे निघालेल्या एका पाहुण्याने गाडी थांबवून विचारलं, "हे 'माजके काजू' काय असतात हो?" चूक त्याची नव्हती. 'भ' आणि 'म' यांच्यात फरक तो किती? 'भ'ची शिरोरेषा डावीकडे तुटते. मी अक्षर इतकं फुगवलं की ती फटच बुजली. 'ध' आणि 'घ'चंही तेच होतं.

अशा जाड, खेळकर अक्षरांचा सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला रोमन नमुना म्हणजे कूपर ब्लॅक. ऑस्वाल्ड कूपर यांनी अमेरिकेत केलेला हा टाइप 1922 मध्ये बाजारात आला. तो सेरिफ टाइप आहे. सेरिफ म्हणजे अक्षराच्या दांड्याच्या टोकाला असलेले छोटे पाय. कूपरने ते पाय लोण्यासारखे मऊ, गोल केले, म्हणून तो टाइप जाड असूनही दरडावत नाही.

आता देवनागरीला सेरिफ नाही. आपल्याकडे शिरोरेषा आहे, आणि बोरूच्या तिरक्या टोकातून आलेला जाड-बारीकपणा आहे. काही जण 'सजावट' म्हणून कान्याला खाली रोमन पाय चिकटवतात. मला तरी ते धोतरावर बूट घातल्यासारखं वाटतं. खेळकरपणा आपल्याच वळणातून यायला हवा.

मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मोदक' बघा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो केला. नावाप्रमाणेच फुगीर! अक्षराच्या पोटातली मोकळी जागा जवळजवळ नाहीच, तिथे फक्त बारीक रेघ उरते. पण ती रेघ कुठे ठेवायची हे नेमकं ठरवलंय, म्हणून मोठ्या आकारात अक्षर ओळखू येतं. माझ्या बोर्डात नेमकं हेच राहिलं होतं. त्याच संस्थेचा 'बलू' थोडा सडपातळ. त्याची गंमत नावांत आहे : गुजरातीत बलू भाई, बंगालीत बलू दा, कन्नडमध्ये बलू तम्मा.

कमल शेडगे नाटकांची नावं रेखाटायचे तेव्हा त्यांना त्या नावातली चार-पाच अक्षरंच सांभाळायची असत. टाइप करणाऱ्याला मात्र कोण काय लिहील ते माहीत नसतं. 'दोडामार्ग'चा रफार, 'दऱ्या'मधला अर्धा र, सगळी जोडाक्षरं, वर अनुस्वार. शेकडो आकार जाड करायचे आणि एकही दुसऱ्यासारखा दिसता कामा नये.

प्रश्न आलाय, पैसे पडतात का? मोदक आणि बलू दोन्ही खुल्या परवान्याचे. बोर्डावर, पाकिटावर, धंद्यासाठी खुशाल वापरा. नुसता फाँट मात्र विकायचा नाही. आणि पत्ता, वजन, किंमत यांत लिहू नका. बारीक आकारात मोदकाचा चिखल होतो. छापण्याआधी कागद रस्त्यापलीकडे धरा आणि मजकूर माहीत नसलेल्या माणसाला वाचायला सांगा.

दुकानाचा बोर्ड मी स्वखर्चाने बदलला. आता 'काजू' तेवढं गुबगुबीत आहे, 'भाजके' साध्या अक्षरात.