यंत्राचे दुखणे आणि माणसाचा जीव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी दुपारी दवाखाना बंद करून मी जेवायला बसणार, इतक्यात एक जीप दारात येऊन थांबली. रस्त्याच्या कामावरचा बावीस वर्षांचा एक हेल्पर चार जणांनी उचलून आत आणला. पोकलेनच्या बकेटने त्याची मांडी दगडी बांधाला दाबून धरली होती. मांडी सुजली होती, पण जखम म्हणावी तर खरचटल्याएवढी. मुलगा शुद्धीवर होता, बोलत होता. मुकादम म्हणाला, "डॉक्टर, हाड काही मोडलेलं दिसत नाही. मुका मार आहे. एक इंजेक्शन द्या, घेऊन जातो." त्याच्या आईने येतायेता त्याला नारळपाणी पाजले होते आणि दुसरा नारळ हातात तयार होता.

मी विचारले, "किती वेळ दबलेला होता?"

"झाला असेल दीड-दोन तास. दुसरं मशीन येईपर्यंत काढताच येईना."

हे ऐकले आणि माझे जेवण राहिले. त्याला लघवी करायला सांगितले. भांड्यातली लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होती. नारळ बाजूला ठेवायला लावला, दोन्ही हातांना सलाइन लावले आणि त्याच जीपने त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिथे त्याचे अनेक वेळा डायलिसिस करावे लागले. मुलगा वाचला.

वरून साध्या दिसणाऱ्या या माराला एवढे महत्त्व का, ते आधी सांगतो. मांडीसारखा मोठा स्नायू बराच वेळ दाबून राहिला की त्यातल्या पेशी फुटतात. दाब असेपर्यंत त्यांतला माल तिथेच अडकलेला असतो. दाब निघाला की तो रक्तात मिसळतो. त्यातले पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवते, प्रसंगी हृदय बंद पाडते. स्नायूतले मायोग्लोबिन नावाचे लाल द्रव्य मूत्रपिंडात साचून ते निकामी करते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबफेक झाली, तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसे नंतर मूत्रपिंडे बंद पडून दगावत. डॉ. बायवॉटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४१ साली याचे वर्णन केले. नारळपाणी एरवी उत्तमच, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. अशा रुग्णाला ते घातक ठरू शकते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा अपघात झाला कसा? ऑपरेटर दोन दिवसांनी स्वतःच दवाखान्यात आला. रात्रभर झोपला नव्हता. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मी दांडा सोडला होता. तरी मशीन फिरतच राहिलं."

तो खोटे बोलत नव्हता. पूर्वीच्या यंत्रांत दांडा ओढला की तो सळीने किंवा तेलाच्या दाबाने थेट व्हॉल्व्ह उघडत असे. आताच्या अनेक पोकलेन आणि जेसीबी यंत्रांत या साखळीत एक इलेक्ट्रॉनिक पेटी असते. तिला कंट्रोलर म्हणतात. तिला यंत्राचा मेंदू म्हणा. दांड्याखालचा सेन्सर म्हणजे ज्ञानेंद्रिय, वायरी म्हणजे मज्जातंतू आणि तेलाचे सिलिंडर व मोटर म्हणजे स्नायू. दांडा किती हलला हे सेन्सर चार-पाच व्होल्टच्या आतल्या इवल्याशा विजेने मेंदूला कळवतो. मेंदू हुकूम सोडतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल धावते. मोटारीच्या चाकात हवेचा दाब जेवढा असतो, त्याच्या शंभरपट आणि त्याहूनही अधिक दाब या तेलाचा असतो. इवल्या संदेशावर वीस टनांचे धूड हलते, हे ध्यानात घ्या.

हा संदेशच चुकला तर? हादऱ्यांनी वायर पत्र्यावर घासून सोलली जाते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने यंत्र धुताना जोडात पाणी शिरते. उंदीर वायरी कुरतडतात. बॅटरी न सोडवता यंत्रावर वेल्डिंग केले, तर तो विजेचा प्रवाह कंट्रोलरला इजा करू शकतो. मग दांडा सरळ असूनही मेंदूला वाटते की दांडा ओढलेला आहे. चांगल्या कंट्रोलरला बहुतेक वेळा ही गडबड ओळखता येते. तो लाल दिवा लावतो, यंत्र मंद करतो किंवा थांबवतो. शिवाय सीटशेजारी एक लॉकचा दांडा असतो. तो लावला की हालचालीचे हुकूम चालेनासे होतात.

ऑपरेटरने पुढे जे सांगितले, ते महत्त्वाचे. दिवा आठ दिवस लुकलुकत होता. यंत्र मध्येच बंद पडायचे. मालकाला पावसाआधी काम उरकायचे होते. मेकॅनिकने लॉकची वायर 'डायरेक्ट' करून दिली. यंत्र बंद पडायचे थांबले. सगळे खूश झाले. अपघाताच्या वेळी ऑपरेटरने लॉक लावला, पण तो आता नावापुरताच होता. शेवटी त्याने इंजिन बंद केले, तोवर पोरगा बांधाला दाबला गेला होता.

आम्हा डॉक्टरांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. पोटात उजव्या बाजूला दुखते म्हणून माणूस दुकानातून गोळी घेतो. दुखणे थांबते आणि आत अपेंडिक्स फुटते. लाल दिवा म्हणजे यंत्राचे दुखणे. वायर डायरेक्ट करणे म्हणजे दुखण्याची गोळी. रोग तसाच राहतो, फक्त सांगणारा गप्प बसतो.

आमच्या क्षेत्रातही हे घडलेले आहे. कॅन्सरवर किरणोपचार करणारे थेराक-२५ नावाचे कॅनडात बनलेले एक यंत्र होते. त्याच्या आधीच्या यंत्रात जादा किरण अडवायला स्वतंत्र कुलपे होती. नव्या यंत्रात ती काढून सगळा भार संगणकावर टाकला गेला. संगणकाच्या आज्ञावलीत दोष होता. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण बसले आणि त्यांतले काही दगावले. पडद्यावर बिघाडाचा आकडा येत होता, पण असे आकडे सारखेच येत असल्यामुळे यंत्र चालवणारे एक बटण दाबून पुढे जात. टेक्सासमध्ये १९८६ साली एका रुग्णाला अशाने लागोपाठ दुसरा झटका बसला. यंत्र कॅनडाचे असो की आपल्या वेशीवरचे, चूक तीच. खरे कुलूप काढून टाकले आणि वारंवार येणाऱ्या सूचनेची सवय होऊ दिली.

आपल्या गावांत आज विहिरी, शेततळी, रस्ते, घरांचे पाये, सगळीकडे ही यंत्रे आहेत. काम बघायला मुलेबाळे गोळा होतात. म्हणून काही गोष्टी घरोघरी माहीत असाव्यात.

१. यंत्र चालू असताना त्याचा हात फिरून पोचेल तिथपर्यंत कोणीही उभे राहू नये. ऑपरेटर कितीही तरबेज असला, तरी बिघडलेला कंट्रोलर त्याचे ऐकत नाही.

२. माप घ्यायला किंवा दगड सारायला जवळ जायचे असेल, तर बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे आणि किल्ली काढून घ्यावी. उचललेल्या बकेटखाली कधीही जाऊ नये.

३. लाल दिवा, आपोआप होणारी हालचाल किंवा दांडा सोडल्यावर उशिरा थांबणे यांतले काहीही दिसले, तर काम त्याच क्षणी थांबवावे. लॉकची, सीटची वा कोणत्याही सेन्सरची वायर डायरेक्ट करू देऊ नये. यंत्र भाड्याने घेताना मालकाला हे स्पष्ट विचारावे.

४. कोणी दबला तर घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवावी, १०८ ला फोन करावा आणि किती वेळ दबला आहे ते सांगावे. सुरक्षितपणे जमेल तितक्या लवकर त्याला मोकळे करावे, पण त्याच बिघडलेल्या यंत्राने नव्हे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावे. खायला-प्यायला काही देऊ नये. मोकळा झाल्यावर तो उठून चालू लागला, तरी त्याला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. लघवी लाल किंवा काळपट झाली, अथवा होईनाशी झाली, तर एक तासही दवडू नये.

तो मुलगा अजून मूत्रपिंडाची तपासणी करायला माझ्याकडे येतो. थोडा लंगडतो, पण शेती सांभाळतो. मागच्या खेपेला सांगत होता की शेजारच्या शेतात विहिरीचे काम चालू होते आणि पोकलेनवर दिवा लुकलुकताना त्याला दिसला. त्याने जाऊन काम बंद पाडले. लोक वैतागले, दोन तासांचे भाडे बुडाले म्हणून भांडले. मी म्हटले, "भांडू देत. तू केलंस ते बरोबर केलंस."