करडईच्या परिषदा आणि निमोण्याचं शिवार

तेलबियांवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदांचा इतिहास बहुधा शहरांच्या नावांनी सांगितला जातो. करडईपुरता तो असा: 1981 साली कॅलिफोर्नियातलं डेव्हिस, 1989 मध्ये हैदराबाद, 1993 ला बीजिंग, 1997 ला इटलीतलं बारी, 2001 ला अमेरिकेतली विलिस्टन आणि सिडनी ही दोन गावं, 2005 ला इस्तंबूल, 2008 ला ऑस्ट्रेलियातलं वॅगा वॅगा, 2015 ला पुन्हा हैदराबाद. भारतात हे पीक मुख्यतः महाराष्ट्र-कर्नाटकाचं. तरी या यादीत महाराष्ट्रातलं एकही गाव नाही. त्याहून बोचरी गोष्ट अशी की ऐंशीच्या दशकात देशात सात लाख हेक्टरांहून अधिक असलेली करडई याच परिषदांच्या काळात घटत गेली आणि पुढे एक लाख हेक्टरांच्या आत आली. मग या परिषदांनी साधलं काय? माझं म्हणणं असं की त्यांच्याकडून जे अपेक्षित होतं ते त्यांनी बऱ्यापैकी केलं. पीक हरलं ते वेगळ्याच आखाड्यात.

तेलाच्या विज्ञानसंस्था मुळात मोजमापासाठी जन्मल्या. 1909 साली अमेरिकेत सरकीचं तेल तपासणारे रसायनतज्ज्ञ एकत्र आले, कारण एकाच नमुन्याचे दोन प्रयोगशाळांत दोन आकडे निघाले की व्यापारी भांडत. त्यातूनच पुढे अमेरिकन ऑइल केमिस्ट्स सोसायटी घडली. 1954 साली स्निग्ध पदार्थांच्या संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि देशोदेशींच्या परिषदांना घर मिळालं. करडईची परिषद मात्र रसायनशास्त्रज्ञांपेक्षा पैदासकारांची अधिक. डेव्हिसच्या पॉल्डन नोल्स यांनी देशोदेशी हिंडून बियाण्यांचे नमुने गोळा केले होते आणि पहिली परिषद भरली ती त्यांच्याच विद्यापीठाच्या गावी. वाण, मावा, तेलाचं प्रमाण असे प्रश्न अनेक देशांना सामाईक असतात, म्हणून त्यांवर एकत्र बसण्यात अर्थ असतो.

पुणे जिल्ह्यातल्या निमोणे गावाच्या परिसरात मात्र करडईचा हिशोब टक्केवारीत बसणारा नव्हता. शिरूर तालुक्याचा घोड आणि भीमेमधला हा पट्टा पर्जन्यछायेतला. रब्बीची ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर यायची आणि तिच्या कडेने करडई. सोटमूळ खोल जाणारं, त्यामुळे पाऊस गेल्यावरही झाड तग धरी. काट्यांमुळे मोकाट गुरं ज्वारीत शिरत नसत. कोवळ्या पाल्याची भाजी होई, बियांचं घाण्यावर तेल निघे, पेंड बैलांना जाई. म्हणजे एका कडेच्या पिकाने राखण, भाजी, तेल आणि चारा असा चौपदरी धंदा सांभाळलेला. मग चिंचणीजवळच्या घोड धरणाचं पाणी आलं, ऊस आला, न्हावऱ्याला घोडगंगा साखर कारखाना उभा राहिला. जिथे पाणी पोचलं तिथे ओलीवर जगण्याचा हा गुण बिनकामाचा ठरला. कोरडवाहू तुकड्यांतही काढणीला मजूर मिळेनासे झाले, कारण पहाटेच्या दवात काटे मऊ असतानाच हे काम उरकावं लागे. त्यातच 1994 नंतर पामोलीनची आयात खुली झाली. आज देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं.

इथे एक आक्षेप हमखास येतो: काटे हीच अडचण असेल तर विज्ञानाने ती सोडवायला हवी होती. सोडवलीही. फलटणला 1968 साली बनबिहारी निंबकर यांनी स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 2001 साली काटे नसलेला संकरित वाण दिला. सोलापूरच्या संशोधन केंद्राचा ‘भीमा’ हा वाण काटेरीच, पण तोही त्याआधीच शेतात पोचला होता. निमोण्यापासून फलटण-सोलापूर काही फार लांब नाही. तरीही क्षेत्र घटतच राहिलं, यावरून दोष वाणाचा नव्हता एवढं तरी मान्य करावं लागतं. (बिनकाट्याच्या करडईने ज्वारीची राखण होत नाही, हा गमतीचा भाग सोडून देऊ.) दुसरा आक्षेप अधिक जड आहे: पामतेल स्वस्त, गरिबाच्या घरात फोडणी त्याचीच, मग करडईसाठी गळा का काढावा? पामतेल बंद करा असं कुणीही शहाणा म्हणणार नाही. पण स्वस्ताई पाहताना आयातीच्या अवलंबनाची किंमतही मोजावी लागते, आणि जिथे दुसरं तेलपीक टिकत नाही अशा जिरायत रानाला स्वस्त पामोलीनने काहीच दिलेलं नाही. 1986 चं तेलबिया तंत्रज्ञान मिशन नेमक्या याच विचारातून निघालं होतं.

परिषद भाव ठरवत नाही, मजूर आणत नाही. ते काम सरकारचं आणि बाजाराचं. रब्बीच्या ज्या सहा पिकांना हमीभाव जाहीर होतो त्यांत करडई आहे. 2025-26 च्या हंगामासाठी तो क्विंटलला 5,940 रुपये होता. हा आकडा कागदावरून काट्यावर यायचा तर शिरूर-दौंडच्या जिरायत गावांजवळ खरेदीचं केंद्र हवं आणि जवळपास करडई घेणारा घाणा हवा. तालुक्याच्या बाजार समितीकडे आधी मागायच्या आहेत त्या या दोन गोष्टी. नव्या वाणाची मागणी त्यानंतर.