सहा पावसाळे, एक उतार

पुण्याच्या वेताळ टेकडीच्या एका उतारावर आम्ही काही जण दर रविवारी गाजर गवत उपटतो, त्याला यंदा सहा पावसाळे झाले. या तणाकडे आपल्या देशातल्या अभ्यासकांचं लक्ष गेलं ते १९५५ साली, याच पुण्यात. त्यामुळे ते काढणं मला पुणेकर म्हणून आपलं देणं वाटतं.

पहिल्या वर्षी आम्ही पांढऱ्या फुलांवर आलेली झाडं उपटली आणि पायवाटेकडेला त्यांचे ढीग रचले. एकेका झाडाला हजारोंनी बिया धरतात. पुढच्या जूनमध्ये सगळ्यात दाट तण उगवलं ते नेमकं त्या ढिगांच्या जागी. तेव्हापासून कळी धरायच्या आत उपटायचं, हा नियम. विळ्याने कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं. पावसानंतर वाफसा आला की हातमोजे घालायचे, बुंधा जमिनीलगत धरायचा आणि सरळ वर ओढायचं. सोटमूळ अख्खं हातात येतं. हातमोजे हवेतच, या झाडाने अंगाला फार खाज सुटते. १९८४ मध्ये बंगळुरूला या तणावर सोडलेला मेक्सिकन भुंगा आता इथेही पानं खाताना दिसतो, पण त्याच्या भरवशावर उतार सोडता येत नाही.

खरी समज आली तिसऱ्या वर्षी. या उतारावर पूर्वी झाडं लावायला खड्डे घेतले होते, त्यातले काही आमच्याच हातचे. रोपं बहुतेक जळाली, पण प्रत्येक खड्ड्याभोवती गाजर गवताचं कडं उभं होतं. न उकरलेल्या जमिनीत कुसळी आणि पवन्या ही गवतं दाट होती, तिथे तण तुरळक. माळ उघडाबोडका नसतो, गवत हेच त्याचं रान, हे आम्हाला त्या खड्ड्यांनी शिकवलं. खड्डे आम्ही थांबवले.

कुसळीचं बी मला आजही थांबवतं. ओल लागली की त्याच्या शेपटीचा पीळ उलगडतो आणि टोक मातीत शिरतं. म्हणून बी झडून गेल्यावरच, डिसेंबरात, गवत कापायचं; ते गुरांसाठी जातं. एकदा गवताच्या ठोंबाशी डोंबारी चंडोलाचं घरटं दिसलं, वाटीएवढं. तेवढा पट्टा आम्ही त्या मोसमात सोडून दिला.

या जूनमध्ये जुन्या खड्ड्यांची कडी पुन्हा हिरवी झाली, पण विरळ. कुसळी आता त्यांच्या काठापर्यंत आली आहे.